काळी तीनमधला भूप

(परंदवडी, ता. मावळ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते गुरुजी आयुष्यभर साथीची पेटी वाजवत आले. हरिनाम सप्ताह असो, कीर्तन असो की पंचक्रोशीतलं एकादशीचं भजन, गाणाऱ्याच्या गळ्यामागून त्यांची बोटं फिरायची. मावळात अशी पेटी गावोगाव आहे. आता तिच्या जोडीला घरोघरी कीबोर्डही आला आहे, आणि तो बहुतेक मुलांच्या हातात आहे. आज बोलायला मी जो विषय घेतला, तो या मुलांनीच दिलेला आहे. शिकवायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, गाणं बसवून दिलं तर वाजवता येतं. पण मनानं काही वाजवा म्हटलं की दोन मिनिटांत संपतं. पुढे काय वाजवायचं?’

जगातल्या पियानो शिकणाऱ्या कुठल्याही मुलाचा हाच प्रश्न असतो. त्याला उत्तर मिळतं की एक स्वरसप्तक घे, त्यातले स्वर सोडून बाहेर जाऊ नकोस आणि त्यातच फिर. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आपल्या रागसंगीतात आहे, आणि ते पट्ट्यांच्या वाद्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं गळ्यावरही दिसत नाही, असं माझं मत झालं आहे. मला आज एवढंच मांडायचं आहे : मनानं वाजवायला शिकायचं असेल तर स्वर वाढवू नका, कमी करा, आणि उरलेल्या स्वरांपैकी कुठे थांबायचं ते आधी शिका.

पेटी उघडा आणि पांढऱ्या पट्ट्या विसरून जा. फक्त काळ्या पाहा. दोन आणि तीन, दोन आणि तीन, अशा त्या गटागटानं येतात. तीनच्या गटातली पहिली ती काळी तीन. तिला सा माना. पुढची काळी चार म्हणजे रे, काळी पाच म्हणजे ग. मग वरच्या सप्तकातली काळी एक म्हणजे प, काळी दोन म्हणजे ध आणि पुन्हा काळी तीन आली की तार सा. मध्यम नाही, निषाद नाही. हा भूप. पांढऱ्या पट्टीला बोट लागेपर्यंत या पाच पट्ट्यांवर बेसूर होणं अशक्य आहे. म्हणून सहा वर्षांच्या मुलालाही मी इथूनच सुरुवात करून देतो.

[येथे पेटीवर वाजवून दाखवले.]

आता तुम्ही ऐकलंत ते दोन प्रकारे वाजवलं होतं. पहिल्यांदा मी पाच पट्ट्या खाली-वर, खाली-वर फिरवल्या. स्वर सगळे भूपाचे होते. तरी मागच्या बाकावरचे आजोबा काही हलले नाहीत. दुसऱ्यांदा मी सा, रे, ग एवढंच घेतलं आणि गंधारावर बसून राहिलो. मग पंचमाला हात लावून परत गंधारावर आलो. मग धैवत, पंचम, गंधार. खाली येताना रे, सा, खर्जातला ध आणि सा. आजोबांची मान तेव्हा हलली. दोन्ही वेळा पट्ट्या त्याच होत्या. गंधाराला मिळालेला वेळ तेवढा वेगळा होता.

मुलांनो, पहिले काही आठवडे एवढंच करायचं. कोणाला तरी सा धरून ठेवायला सांगा किंवा तानपुऱ्याचं यंत्र लावा. सा, रे, ग या तीनच पट्ट्या घ्या. प्रत्येक वाक्य गंधारावर संपवा. दुसरं वाक्य वेगळं करा, पण संपवा गंधारावरच. तीन स्वरांत किती वाक्यं होतात ते मोजू नका, कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला की लगेच चौथा स्वर घेऊ नका. त्या कंटाळ्यातूनच पहिली खरी जागा सुचते. लय बदला, एखादा स्वर दोनदा घ्या, वाक्याच्या मध्ये श्वास घ्या. मग पंचम येऊ द्या. तो आला की घरात पाहुणा आल्यासारखं सगळं हलतं, आणि त्याची किंमत कळते. पाचही स्वर पहिल्या दिवशी दिले तर ती किंमत कधीच कळत नाही.

आणखी एक पथ्य आहे. जे वाजवणार ते आधी गुणगुणा. गळा चांगला नसला तरी चालेल. बोटांना सवयीच्या वाटा असतात. शेजारच्या पट्टीवर जाणं त्यांना सोपं, म्हणून ती तिथेच जातात. गळ्याला मात्र कारण लागतं. गुणगुणून वाजवलेलं वाक्य श्वासाच्या लांबीचं होतं, आणि ऐकणाऱ्याला ते आपलं वाटतं.

आता याच काळ्या पट्ट्यांवर दुसरी गंमत. पट्ट्या न बदलता फक्त सा हलवा. काळी चारला सा म्हणा : मध्यमाद सारंग झाला. काळी पाचला सा म्हणा : मालकंस. काळी एकला सा म्हणा : दुर्गा. काळी दोनला सा म्हणा : धानी. पाच पट्ट्या, पाच राग. आपल्या जुन्या ग्रंथांतली मूर्च्छनेची कल्पना ती हीच. भरताच्या नाट्यशास्त्रात ती आहे, आणि इथे ती बोटाखाली येते. ज्यांना शास्त्राची भीती वाटते त्यांनी हा खेळ करून पाहावा. भूपातला प्रसन्नपणा मालकंसात कुठे गेला, आणि तो खोल गंभीरपणा कुठून आला, याचा विचार रात्रभर पुरेल. एकच गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे मागे धरलेला सा.

म्हणजे सप्तक आणि सा ठरले की राग ठरला का? नाही, आणि इथेच पियानोच्या पुस्तकातलं उत्तर अपुरं पडतं. भूप आणि देसकार घ्या. स्वर तेच पाच. सा तोच. काळी तीनपासून दोन्ही वाजतात. तरीही भूप संध्याकाळचा, देसकार सकाळचा. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. देसकाराचा वादी धैवत, संवादी गंधार. भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देसकार वरच्या अर्ध्यात. भूपात रिषभाला मान आहे, देसकारात तो आला न आला असा जातो. परंदवडीकरांना हे वेगळं समजवायची गरज नाही. पुण्याहून लोणावळ्याला जाणारे रूळ सगळ्या गाड्यांना तेच. बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा ही स्टेशनंही तीच. लोकल बेगडेवाडीला थांबते, मेल धडधडत निघून जाते. गाडी कोणती हे थांब्यांवरून कळतं. राग असाच ओळखू येतो.

गळ्यावर गाणाऱ्याला भूप आणि देसकार वेगळे ठेवायला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आहे, स्वराचा लगाव आहे. देसकारातला धैवत कसा लावायचा, ते त्याच्या आवाजातच असतं. आपल्या पट्टीला यातलं काही नाही. दाबली की वाजली, सोडली की थांबली. म्हणूनच पेटीवर हे दोन राग वेगळे दाखवायचे तर वादकाकडे चारच गोष्टी उरतात : कुठे थांबायचं, कोणता स्वर आधी घ्यायचा, किती वेळ धरायचा आणि भाता किती दाबायचा. रागाचं व्याकरण या चार गोष्टींत उघडं पडतं. मारवा, पूरिया आणि सोहनी ही पुढची परीक्षा. तिघांचे सहा स्वर तेच, पंचम तिघांनाही नाही. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत, पूरियात गंधार आणि निषाद, सोहनी तर बहुतेक वेळ वरच्या सा भोवतीच. ते इथे वाजवत नाही, वेळ जाईल. पण मोठ्या मुलांनी एका बैठकीत तिन्ही वेगळे करून दाखवले तर त्यांना मनानं वाजवता येतं, असं मी खुशाल म्हणेन.

आता पांढऱ्या पट्ट्यांकडे या. पांढरी एकपासून, म्हणजे दोन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडच्या पांढरीपासून, सरळ सात पट्ट्या वाजवल्या की बिलावल थाट. पांढरी दोनपासून काफी. तीनपासून भैरवी. चारपासून कल्याण, म्हणजे आपला यमन ज्या थाटात बसतो तो. पाचपासून खमाज. सहापासून आसावरी. सातपासून सुरू केलं तर शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून ती वाट आपण सोडली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी ज्या दहा थाटांत केली, त्यांपैकी सहा असे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर निघतात. भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे, पेशानं वकील. त्यांच्या थाटपद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. पण पट्ट्यांच्या वाद्यावर शिकणाऱ्या मुलासाठी थाटासारखा नकाशा दुसरा नाही.

युरोपातल्या चर्चच्या संगीतात हेच क्रम फार जुने आहेत. आपण ज्याला काफी म्हणतो त्याला ते डोरियन म्हणतात, भैरवीला फ्रिजियन, कल्याणला लिडियन, खमाजला मिक्सोलिडियन. पियानोवर मनानं वाजवायला शिकवणारी काही पुस्तकं डोरियनपासून सुरुवात करतात. त्याला कारण आहे, आणि ते कारण १९५९ सालातलं आहे.

त्या वर्षी मार्च आणि एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकानं ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. पियानोवर, एक गत सोडून, बिल एव्हान्स होते. त्याआधीच्या जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची स्वरसंगती दर एक-दोन मापांना बदलायची आणि वादक तिच्यामागे धावायचा. जो जास्त चपळ तो मोठा. या तबकडीतल्या ‘सो व्हॉट’ या गतीत डेव्हिसनं ती धाव बंद केली. बत्तीस मापांचं एक आवर्तन. त्यातली पहिली सोळा मापं पांढरी दोनपासूनचा काफी. मग आठ मापं तोच काफी अर्धी पट्टी वर सरकून काळी दोनपासून. मग पुन्हा आठ मापं पांढरी दोनवर. बस. वादकांना आधी फारसा सराव न देता जुजबी आराखडे दिलेले होते. याच तबकडीतल्या ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये तर एकामागून एक पाच सप्तकं आहेत, आणि प्रत्येकावर किती वेळ राहायचं ते वादकानं स्वतः ठरवायचं. हे ऐकून आपल्याकडच्या आलाप गाणाऱ्याला काय वाटेल, ते सांगायला नको. सप्तक स्थिर केलं की वादकाला विचार करायला जागा मिळते, ही गोष्ट तिकडे नव्यानं सापडली आणि तिनं जॅझचा रोख बदलला.

तरी फरक सांगितला पाहिजे. ‘सो व्हॉट’मध्ये डोरियनचे सातही स्वर वादकाच्या मालकीचे आहेत. कुठूनही कुठे जा. आपल्याकडे त्याच पांढऱ्या सात पट्ट्यांवर, पांढरी दोनला सा धरून, भीमपलास आहे आणि बागेश्रीही आहे. भीमपलासात चढताना रिषभ आणि धैवत घ्यायचे नाहीत, उतरताना घ्यायचे, आणि मध्यमावर ठाण मांडायचं. बागेश्रीत मध्यम आणि धैवताची जोडी, पंचम अगदी जपून. एकाच सप्तकात किती तरी रस्ते, आणि प्रत्येक रस्त्याचे नियम निराळे. मला स्वतःला दोन्ही रीती आवडतात. पण शिकणाऱ्याला आपली रीत जास्त मदत करते, असं अनुभवावरून सांगतो. सात स्वरांची मोकळीक दिली की नवखा मुलगा खाली-वर पळत सुटतो. चढताना दोन स्वर गाळ, एवढा नियम घातला की त्याच्या हातून आपोआप उडी पडते, आणि त्या उडीतून वाक्य तयार होतं.

पियानोला दोन हात लागतात. आपल्या पेटीला डावा हात भात्यावर, त्यामुळे तो मोह टळतो. कीबोर्डवर भाता नाही, डावा हात रिकामा, आणि मग मुलं सा-ग-प दाबून ठेवतात. भूपात ते खपून जातं. मालकंसात पंचमच नाही, तिथे सा-ग-प दाबलं की राग मेला. तर डाव्या हातानं काय करावं? सुरुवातीला फक्त सा आणि प, किंवा पंचम वर्ज्य असेल तिथे सा आणि म, आणि तेही दर आवर्तनाला एकदाच. पुढे बिल एव्हान्सनं ‘सो व्हॉट’मध्ये केलं ते ऐका. पांढरी दोनला सा धरला तर त्यांची पहिली स्वरसंगती खालून वर अशी होती : रे, प, सा, म, ध. आणि दुसरी : सा, म, कोमल नी, कोमल ग, प. खालचे स्वर एकमेकांपासून चार-चार सुरांच्या अंतरावर ठेवलेले. नेहमीच्या सा-ग-प सारखा ठाम कौल त्या देत नाहीत. उजव्या हाताला मोकळं ठेवतात आणि काफीच्या बाहेरही जात नाहीत. आपल्या रागाला पियानोची साथ द्यायची असेल तर शोधायची दिशा ही आहे. प्रत्येक रागाचं उत्तर मात्र वेगळं निघेल, आणि मारव्यासारख्या रागाला कदाचित काहीच न देणं हेच उत्तर असेल.

या ठिकाणी एका विचित्र माणसाची आठवण काढली पाहिजे. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी भारतीय संगीत शिकलेल्या, गाणाऱ्या. त्यांच्यामुळे फोल्ड्सना आपल्या सप्तकांचा नाद लागला. १९२० च्या दशकात त्यांनी खास पियानोसाठी ‘एसेज इन द मोड्स’ नावाची रचनामाला लिहिली. तिच्यातल्या प्रत्येक रचनेत एकच सप्तक, बाहेरचा एकही स्वर नाही. म्हणजे आज आपण बोलतो आहोत तोच विषय, एका पाश्चात्त्य संगीतकारानं शंभर वर्षांपूर्वी पियानोवर हाताळलेला. पुढे ते भारतात आले, दिल्लीला आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले, आणि १९३८ मध्ये त्यांनीच हार्मोनियमविरुद्ध एक अतिशय कडवट लेख लिहिला. १९३९ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्यानं ते गेले. पण वातावरण तयार झालं होतं. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. ती बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. साथीला दार किलकिलं झालं, एकल वादनाला मात्र ते त्यानंतरही मिटलेलंच राहिलं.

आरोप काय होते? पट्टीवर मींड नाही. श्रुती नाहीत. दोन्ही खरे आहेत. पट्टीवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चौदा सेंट चढा असतो. सप्तकाचे बाराशे सेंट धरले तर हा फरक लहान वाटेल, पण भूपात तानपुऱ्याशेजारी पेटीचा गंधार लांबवा, कान तक्रार करतो. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच तक्रारीला उत्तर म्हणून. पंडित मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळ जोडलं, तिला संवादिनी हे नाव दिलं आणि साथीतून उठवून मैफिलीच्या मध्यभागी बसवलं. या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. तरी माझं म्हणणं असं की वाद्याच्या उणिवेतूनच त्याचा विचार तयार झाला, आणि तो विचार महाराष्ट्रात झाला याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

गोविंदराव टेंबे पाहा. जन्म १८८१, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटीवर बोट त्यांनी आपल्या आपण बसवलं. भास्करबुवा बखल्यांचं ऋण ते मानत आले, अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीनं ते भारून गेले. १९११ मध्ये ‘मानापमान’ची पदं त्यांनी बांधली, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीचे ते एक मालक झाले, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त त्यांनी संगीतही दिलं आणि भूमिकाही केली. हे सगळं करणारा माणूस मुळात पेटीवाला होता आणि एकट्या पेटीची बैठक रंगवत होता. त्याच पिढीत बेळगावला विठ्ठलराव कोरगावकर. पुढे तिथेच पंडित रामभाऊ विजापुरे, १९१७ ते २०१०, असं प्रदीर्घ आयुष्य. सीमाभागातल्या त्या एका शहरानं किती पेटीवाले घडवले! इकडे मुंबईत पी. मधुकर. नाट्यपदं त्यांनी पेटीवर अशी वाजवली की शब्द ऐकू यावेत. त्यांचे शिष्य पंडित तुळशीदास बोरकर, गोव्यातल्या बोरीचे. त्यांचे पहिले धडे आईकडचे. पुण्यात आप्पा जळगावकर. साथ करताना गायकाला न झाकता त्याच्या तानेची सावली पकडायची, हे ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं ते विसरणार नाहीत.

या मंडळींचं ध्वनिमुद्रण मिळेल तिथून ऐका आणि एकच गोष्ट पाहा : मींड नसताना ती मींडेचा भास कसा करतात. एक स्वर सोडायच्या क्षणी पुढचा धरतात, मधला स्वर कणभर लावून निघून जातात, आणि डाव्या हातानं भाता त्याच क्षणी हलका करतात. त्या भात्यातच अर्धी कला आहे. कीबोर्डवाल्या मुलांना मी सांगतो की महिन्यातून काही वेळा तरी साध्या हातपेटीवर बसा. स्वर वाढत, ओसरत कसा असतो ते भात्याशिवाय कळत नाही.

पियानोचं दुःख वेगळं. पेटीचा स्वर दाबून ठेवाल तोवर राहतो, पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून मरू लागतो. म्हणजे गंधारावर थांबणं पेटीवर म्हणजे गंधार ऐकत राहणं, आणि पियानोवर म्हणजे गंधार विरताना ऐकणं. पियानोवर भूप वाजवणाऱ्यानं ही शांतता भरून काढायची घाई करू नये. बहुतेक जण करतात. विरत चाललेल्या गंधारावर घाईनं मुरक्यांचा पाऊस पाडतात. मी तर म्हणेन, विलंबित आलाप पियानोवर पेटीपेक्षा हळू वाजवावा.

आपल्या मुंबईला पियानोवर मनानं वाजवणाऱ्यांची परंपराच नव्हती असं कोणी समजू नये. १९३० च्या दशकात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन कृष्णवर्णीय पियानोवादक ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. तोही पुढे कलकत्त्यालाच कॉलऱ्यानं गेला, १९४५ मध्ये. त्याच्यासारख्यांच्या बाजूला बसून कित्येक गोवेकर वादक जॅझ शिकले आणि तेच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. मुंबईत जन्मलेले पारशी वादक व्ही. बलसारा पियानोवर आपली गाणी खुलवत आणि १९५४ मध्ये कलकत्त्याला जाऊन तिथले लाडके झाले. १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरू लागली आणि रागातून वाजवणारे व जॅझमधून येणारे एका मंचावर भेटू लागले. हा इतिहास मुंबईत, गोव्यात, बेळगावात, कोल्हापुरात विखुरलेला आहे. पुणे-मुंबईच्या वाटेवर असलेल्या मावळानं त्याकडे परकेपणानं बघण्याचं कारण नाही.

आणि मावळाकडे जे आहे ते त्या हॉटेलांकडे नव्हतं. इथे तालात मुरलेलं मूल रोज मिळतं. पखवाज कुठे सम दाखवणार हे इथल्या पोराला कोणी शिकवत नाही, त्याच्या अंगात असतं. मनानं वाजवण्यात स्वर हा निम्मा भाग, समेवर येणं हा उरलेला. पुस्तकातून डोरियन शिकलेला शहरी मुलगा सुंदर वाक्य तयार करतो आणि ते समेच्या दोन मात्रा आधीच संपतं. इंद्रायणीकाठच्या भजनात वाढलेला मुलगा तिथे चुकत नाही. त्याला स्वर द्यायचे बाकी आहेत, वेळ त्याच्याकडे आहे.

म्हणून या गावातल्या भजनी मंडळाकडे माझं एक मागणं आहे. एकादशीचं भजन सुरू होण्याआधी, पखवाजाला कणीक लावून तो स्वरात येईपर्यंत, दहा मिनिटं एका मुलाला किंवा मुलीला एकट्यानं पेटी वाजवू द्या. गाणं नाही, शब्द नाहीत, सिनेमाची धून नाही. वीणेकऱ्यांनी सा धरावा. पहिल्या एकादशीला भूप, काळी तीनमध्ये, तोही तीनच स्वरांचा चालेल. पखवाज लागला असेल तर शेवटची दोन मिनिटं साधा ठेका द्यावा आणि पोरानं समेवर उतरावं. चुकलं तर कोणी हसू नये, आणि बरोबर आलं तर ‘रामकृष्णहरी’ म्हणून भजनाला सुरुवात करावी. पुढच्या एकादशीला दुसरं मूल, तोच भूप. चार-सहा महिने भूपच चालू द्या. मग काळी पाचवर मालकंस, आणि त्यानंतर पांढरी दोनवर भीमपलास. सरपंच आणि मंडळाचे अध्यक्ष समोरच बसले आहेत. येत्या एकादशीपासून सुरू करायला त्यांची हरकत नसेल, तर पेटी वाजवायला तयार असलेल्या मुलांनी आत्ताच, मी खाली उतरण्याआधी, इथे येऊन नावं द्यावीत.